पायी चालणाऱ्याला गाडीनं उडवलं तर कागद कुठले, पैसे कुणाकडून?

गंगावेशकर
मंडळी, आपल्या कोल्हापुरात चालायचं म्हणजे रस्त्यावरूनच. महाद्वार रोडला फुटपाथ आहे का आणि असला तर त्यावर माणूस मावतो का, तो वेगळा धागा होईल. माझा प्रश्न त्याच्या पुढचा.

चालणाऱ्याला मोटरसायकलनं उडवलं, पाय मोडला, की जमलेल्या गर्दीचं पहिलं वाक्य ठरलेलं: "मिटवून घ्या." गाडीवाला दवाखान्याचं पहिलं बिल भरतो, दोन दिवस डबा आणतो आणि तिसऱ्या दिवसापासून फोन उचलत नाही. चालणाऱ्याकडे ना गाडी, ना पॉलिसी. मग त्याला पैसे मिळायचे कुणाकडून? आणि पहिल्या आठवड्यात काय चुकलं की पुढं काहीच हाती लागत नाही? 'आमच्या काकांचं असं झालं' नको. कलमं, कागद आणि आकडे सांगा.

मिरजकर_तिकटी
वाचतोय. आमच्याकडं पत्ता विचारला तर माणूस दारापर्यंत सोडायला येतो, आणि धडक दिली की त्याच माणसाला घरचा रस्ता आठवतो.

दाव्याची_फाईल
मुळातला गैरसमज आधी काढू. पॉलिसी चालणाऱ्याकडे असावी लागतच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे आणि पादचारी हा अगदी शुद्ध तृतीय पक्ष. गाडीवाल्यानं सगळ्यात स्वस्त, नुसती थर्ड पार्टी पॉलिसी घेतली असली तरी इजा आणि मृत्यूच्या भरपाईला तिच्यात वरची मर्यादा नसते. ७.५ लाखांची मर्यादा सांगतात ती मालमत्तेच्या नुकसानीची.

त्यामुळे गाडीवाला गरीब आहे, त्याच्याकडून काय मिळणार, हा विचार सोडा. दावा चालक, मालक आणि विमा कंपनी अशा तिघांवर होतो आणि पैसे कंपनी देते. लायसन्स नव्हतं किंवा बोगस होतं, तर बहुतेक वेळा मोटार अपघात दावा न्यायाधिकरण कंपनीला 'आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा' सांगतं. मालक म्हणजे आरसी बुकावर नाव असलेला. 'गाडी मी विकली, नाव लावायचं राहिलंय' ही सबब सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्येच निकालात काढली आहे.

आता पहिला आठवडा. दावा न्यायाधिकरणात हरतो त्याच्या कितीतरी आधी तो कॅज्युअल्टीच्या टेबलावर हरलेला असतो. सीपीआरसारखा सरकारी दवाखाना असो की खासगी, केसपेपरवर डॉक्टर पहिली ओळ इतिहासाची लिहितात. तिथं 'पायी जाताना मोटरसायकलची धडक, अमुक ठिकाण, अमुक वेळ' असं पाहिजे. सोबत आलेला गाडीवाला "पडलेत हो" म्हणून सांगतो, डॉक्टर 'घसरून पडून इजा' लिहितात आणि मग एमएलसी (दवाखान्यानं पोलिसांना कळवायची नोंद) होत नाही. एमएलसी नाही म्हणजे पोलिसांना खबर नाही. वर्षभरानं कंपनीचा वकील तोच केसपेपर पुढं करतो. म्हणून नातेवाइकानं ती ओळ स्वतःच्या डोळ्यानं वाचायची. चूक असेल तर त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज द्यायचा.

हाडांचा_हिशेब
+१. यात दवाखान्याच्या बाजूची भर घालतो.

पाय मोडला म्हणजे ती कायद्यानं 'गंभीर दुखापत'च. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये हाड मोडणं किंवा निखळणं, दात पडणं स्पष्ट लिहिलंय. फ्रॅक्चर नसेल पण माणूस १५ दिवस तीव्र वेदनेत असेल किंवा रोजची कामं करू शकत नसेल, तरी ती गंभीर. जुन्या दंड संहितेत हे २० दिवस होते. पुढं मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ (गाडी पळून गेली तर) आणि कलम १६४ (चूक सिद्ध न करता) चे पैसे याच शब्दावर अडतात, म्हणून इजेच्या प्रमाणपत्रात हा शब्द आहे का ते बघा.

एक्स-रेची फिल्म जपा, नुसता रिपोर्ट पुरत नाही. ऑपरेशनआधीची आणि नंतरची, दोन्ही. रॉड किंवा प्लेट पुढं काढावी लागणार असेल तर सर्जनकडून त्या खर्चाचं लेखी अंदाजपत्रक डिस्चार्जच्या वेळीच घ्या. भविष्यातला उपचारखर्च ही दाव्यातली वेगळी बाब आहे आणि कागद नसेल तर ती शून्यावर जाते. औषधाचं प्रत्येक बिल त्याच्या चिठ्ठीला टाचून ठेवा. फिजिओथेरपीच्या पावत्या, रिक्षाभाडं, रात्री बसणाऱ्या बाईचे पैसे, सगळं सहीनिशी.

पेठेतला_पोरगा
बिलं मेडिक्लेमला दिली तर? ओरिजिनल तर टीपीए (विमा कंपनीसाठी मेडिक्लेम तपासणारा) ठेवून घेतो. आणि मेडिक्लेम मिळाला की इकडचं वजा होतं म्हणतात.

दाव्याची_फाईल
होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं मार्च २०२५ मध्ये हा वाद मिटवला. मेडिक्लेमची रक्कम माणसानं स्वतः भरलेल्या हप्त्याची असते, ती अपघाताच्या भरपाईतल्या वैद्यकीय खर्चातून वजा करायची नाही. ओरिजिनल देण्याआधी सगळ्या बिलांचे झेरॉक्स काढून त्यावर दवाखान्याचा शिक्का आणि सही घ्या. नंतर मागायला गेलं की बिलिंगचा माणूस बदललेला असतो.

कळंबा_लाईन
पण दवाखान्यात दाखल करताना डिपॉझिटचं काय? ते कोण भरतं?

पिवळा_पट्टा
मोटार वाहन कायद्याच्या कलम १६२ खालची कॅशलेस योजना ५ मे २०२५ ला अधिसूचित झाली. अपघाताच्या तारखेपासून ७ दिवसांपर्यंत, माणशी १.५ लाखांपर्यंतचा उपचार, योजनेत नेमलेल्या दवाखान्यात. गाडी कुणाची, चूक कुणाची हे तिथं बघत नाहीत, पादचाऱ्यालाही ती लागू. अट एवढीच की तो मोटार वाहनाचा रस्ता अपघात असल्याची नोंद पोलिसांकडे झाली पाहिजे. म्हणून ११२ ला फोन करायचाच. नेमलेल्या यादीत नसलेल्या दवाखान्यात पेशंट स्थिर करण्यापुरताच लाभ मिळतो.

आणि उचलून नेणाऱ्यानं घाबरू नये. कलम १३४अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी काही येत नाही. नाव सांगायची सक्ती नाही.

उसाचा_ट्रॅक्टर
गळीत हंगामात आमच्याकडचा खरा प्रश्न वेगळा हाय. रातच्याला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागं रिफ्लेक्टर न्हाय, टेप लावून दणक्यात चाललाय. चालणाऱ्याला मागच्या ट्रॉलीची धडक बसली तर दावा कुणावर? आणि बैलगाडीनं उडवलं तर?

दाव्याची_फाईल
बैलगाडी मोटार वाहन नाही. न्यायाधिकरणाचा रस्ता बंद, साधा दिवाणी दावा.

ट्रॉलीचा मुद्दा बारीक आहे. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीची नोंदणी वेगवेगळी असते. ट्रॅक्टरची पॉलिसी शेतीकामासाठी आणि ऊस चाललाय भाड्यानं, शिवाय ट्रॉलीला विमाच नाही, हे दोन आक्षेप कंपनी घेतेच घेते. ते टिकतात की नाही हे प्रत्येक केसच्या कागदांवर ठरतं. आपण करायचं एवढंच की पंचनाम्यात ट्रॅक्टरचा आणि दोन्ही ट्रॉल्यांचा असे तिन्ही नंबर आले पाहिजेत. धडक कशाची बसली तेही. ट्रॉलीवर नंबरच नसेल तर 'नंबर नाही' असं लिहून घ्या, तोही पुरावाच.

मिरजकर_तिकटी
आणि टेपवर गाणं कुठलं चाललं होतं तेपण लिहून घ्या.

बिंदू_चौक_२२
ईव्ही स्कूटीचं विसरलात. ती बारकी, लायसन्स न लागणारी. सायलेंट येते आणि मागनं ठोकते.

पिवळा_पट्टा
चांगला मुद्दा. मोटरची ताकद २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किमीच्या आत असणाऱ्या, परिवहन विभागानं तशा ठरवलेल्या गाड्या 'मोटार वाहन'च नाहीत. नोंदणी नाही, नंबर नाही, विमा सक्तीचा नाही. तिनं उडवलं तर पैसे चालवणाऱ्याच्या खिशातूनच, तेही दिवाणी न्यायालयातून. पण बाजारात २५ च्या नावानं विकलेली गाडी प्रत्यक्षात ४०-४५ नं पळत असेल तर ती सूट उरत नाही. अशा वेळी तपासात गाडीची आरटीओकडून तपासणी करून मोटरची ताकद आणि वेग लिहून घ्यायचा आग्रह धरा. ते झालं तर गाडी मोटार वाहन ठरते आणि विमा नसल्याबद्दल मालक थेट अडकतो.

रंकाळा_वॉकर
एक शंका. गाडीवाला ५० हजार रोख देतोय, स्टँपवर लिहून. कोर्टात पाच वर्षं जाणार. घेऊन मोकळं व्हावं की नाही? मला तर हातात आलेले बरे वाटतात.

दाव्याची_फाईल
खरचटलं असेल तर घ्या आणि घरी जा. हाड मोडलं असेल तर हिशेब बघा.

समजा शिरोलीच्या फाउंड्रीत ठेकेदाराकडं काम करणारा मोल्डर आहे. वय ३८, महिना १८,००० रुपये. पाय मोडून कायमचं अपंगत्व राहिलं आणि न्यायाधिकरणानं त्याची कमाईची ताकद २० टक्के गेली असं धरलं.

४० च्या आतला, कायम नोकरी नसलेला, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे: २५,२००. वर्षाचे ३,०२,४००. त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकानं गुणायचं. वय ३६ ते ४० ला गुणक १५, म्हणजे ४५,३६,०००. त्याचे २० टक्के, ९,०७,२००. ही फक्त बुडालेली कमाई. यात दवाखाना, वेदना, कामावर न गेलेल्या महिन्यांचा पगार आणि पुढचं ऑपरेशन धरलेलंच नाही. वर दावा दाखल केल्यापासूनचं व्याज. आता सांगा, ५० हजार घ्यायचे का?

पेठेतला_पोरगा
वय ४१ असतं तर?

दाव्याची_फाईल
वाढ २५ टक्के, गुणक १४. म्हणजे ७,५६,०००. तीन वाढदिवसांचे दीड लाख गेले. म्हणून वयाचा पुरावा शाळा सोडल्याच्या दाखल्याचा द्या. केसपेपरवर डॉक्टर अंदाजानं '४५' लिहून टाकतात आणि कंपनी तेच धरून बसते.

गुणक आणि वाढीचे टक्के मी मनानं सांगत नाही. गुणक २००९ च्या सरला वर्मा निकालातले, वाढ २०१७ च्या प्रणय सेठी निकालातली.

हाडांचा_हिशेब
त्या २० टक्क्यांबद्दल एक खुलासा. सर्टिफिकेटवर 'उजव्या पायाचं ४० टक्के' असतं. ते त्या अवयवाचं. पूर्ण शरीराचं त्याहून कमी निघतं. आणि कमाईवर होणारा परिणाम हा तिसराच आकडा, तो न्यायाधिकरण ठरवतं. घोटा न वाकणारा माणूस टेबलावर बसून हिशेब लिहू शकतो, पण भट्टीपुढं आठ तास उभा राहू शकत नाही. त्यामुळे मोल्डर काय काम करतो, किती वजन उचलतो, किती वेळ उभा असतो हे साक्षीत यायला पाहिजे. सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरला साक्षीला बोलवावं लागतं. नुसता कागद जोडून दिला तर उलटतपासणी झाली नाही म्हणून तो बाजूला पडू शकतो.

आणि घाईनं सर्टिफिकेट काढू नका. हाड जुळून अवस्था स्थिर झाल्यावरच त्याला अर्थ.

रंकाळा_वॉकर
हे जमतं कसं? दावा म्हणे सहा महिन्यांत टाकायचा असतो आणि हाड जुळायला वर्ष.

दाव्याची_फाईल
दावा आधी, सर्टिफिकेट मागाहून. अर्जात 'उपचार चालू, अपंगत्वाचा दाखला नंतर दाखल करू' असं लिहायचं. १ एप्रिल २०२२ नंतरच्या अपघातांना कलम १६६(३) ची सहा महिन्यांची मुदत आहे.

करवीर_नोटरी
थोडी दुरुस्ती साहेब. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेश दिलाय की मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत. त्यामुळे ज्याचे सहा महिने उलटले त्यानं घरी बसू नये.

दाव्याची_फाईल
बरोबर, पण तो अंतरिम आहे. उलटलेत त्यांच्यासाठी ती दोरी, ज्यांचे उलटले नाहीत त्यांनी तिला लटकू नये.

करवीर_नोटरी
मान्य. मग १६४ बद्दल पण स्पष्ट लिहा, लोक तिथंच फसतात. चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला २.५ लाख आणि मृत्यूला ५ लाख. ऐकायला गोड. पण कलम १४९ च्या तडजोडीत कंपनीच्या अधिकाऱ्याकडून ही रक्कम स्वीकारली की १६६ चा, म्हणजे चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागायचा, दावा आपोआप संपतो. वरच्या मोल्डरनं २.५ लाखांवर सही केली असती तर ९ लाखांचा रस्ता कायमचा बंद. उलट पुरावाच कच्चा असेल, साक्षीदार नाही, चालणाराच मधोमध मोबाईलवर बोलत होता, तर १६४ सारखं दुसरं काही नाही.

कळंबा_लाईन
चालणाऱ्याची चूक असली तर किती कापतात?

दाव्याची_फाईल
ठरलेला टक्का नाही. चालणाऱ्याचा निष्काळजीपणा सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची. झेब्रा सोडून ओलांडला म्हणून दावा मरत नाही, चालणाऱ्याच्या चुकीच्या वाट्याएवढी रक्कम कमी होते. यात सगळ्यात महत्त्वाचा कागद घटनास्थळ पंचनामा आणि त्याचा नकाशा. रस्त्याची रुंदी, रक्ताचा डाग किंवा चप्पल कडेपासून किती फुटांवर, ब्रेकच्या खुणांची लांबी, दिवा चालू होता का. चप्पल कडेपासून दोन फुटांवर सापडली असेल तर 'अचानक आडवा आला' हे वाक्य कसं टिकणार? पण ते दोन फूट कागदावर आले पाहिजेत. फिर्याद चालकानंच आधी जाऊन दिली असेल तर जखमीचा जबाब लगेच नोंदवून घ्या.

पिवळा_पट्टा
आणि पोलिसांच्या अहवालांवर लक्ष ठेवा. २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रथम अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत आणि सविस्तर ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायचा असतो. तपासी अधिकाऱ्यानं जखमीला त्याच्या हक्कांचा फॉर्म १० दिवसांत द्यायचा. मिळाला नाही तर लेखी मागा.

बिंदू_चौक_२२
गाडी पळून गेली तर?

करवीर_नोटरी
कलम १६१. गंभीर दुखापत ५० हजार, मृत्यू २ लाख. २०२२ च्या आधी हेच १२,५०० आणि २५,००० होते. अर्ज न्यायाधिकरणात नाही, जिथं अपघात झाला त्या तालुक्याच्या प्रांत किंवा तहसीलदारांकडे, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. फॉर्म १ सोबत एफआयआर, इजेचा अहवाल, ओळखपत्र, पासबुक आणि हमीपत्र.

गाडीचा नंबर माहीत आहे पण चालक पळाला, तर हे कलम लागत नाही, तिथं १६६ च. आणि १६१ चे पैसे घेतल्यावर गाडी सापडली तरी दावा करता येतो, फक्त ही रक्कम परत करावी लागते.

पेठेतला_पोरगा
गाडी निपाणीची, केए २३ पासिंग, अपघात पण तिकडंच. दावा चिक्कोडीला?

दाव्याची_फाईल
गरज नाही. जखमी राहतो किंवा धंदा करतो तिथलं न्यायाधिकरण चालतं. म्हणजे कसबा बावड्याचं न्याय संकुल. अपील ९० दिवसांत, आणि ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबईची गाडी पकडायला नको. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआरसमोरच बसतं. कॅज्युअल्टीतून निघालेला केसपेपर रस्ता ओलांडून अपिलात पोहोचतो.

मिरजकर_तिकटी
तो रस्ता ओलांडताना जपून.

तुळशीकट्टा
घरात बसणाऱ्या बायकांचं कुणी बोललंच नाही. 'उत्पन्न नाही' म्हणून शून्य धरतात का?

दाव्याची_फाईल
ताई, धरत नाहीत. गृहिणीच्या कामाचं उत्पन्न गृहीत धरावं आणि त्यावर भविष्यातली वाढही द्यावी हे २०२१ च्या कीर्ती निकालात सांगितलंय. अर्जात 'घरकाम' एवढंच लिहू नका. स्वयंपाक किती माणसांचा, सासूचं आजारपण कोण बघतं, शिवण किंवा दुधाचे पैसे येतात का, डेअरीचं बिल असेल तर तेही. महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही.

रंकाळा_वॉकर
दवाखान्याबाहेर 'दावा टाकून देतो, मिळाल्यावर ३० टक्के' म्हणणारे उभे असतात. ते कसे?

करवीर_नोटरी
निकालावर टक्केवारी ठरवायला वकिलाला बार कौन्सिलच्या नियमानं बंदी आहे. एजंट तर वकीलही नव्हे. कोऱ्या वकीलपत्रावर आणि कोऱ्या चेकवर सही करायची नाही, बास.

गंगावेशकर
सगळ्यांचे आभार, धागा जपून ठेवतो. एकच राहिलं. दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळं दिसतंय, पण दुकानदार म्हणतो पोलीस आल्याशिवाय देणार नाही, आणि पोलीस म्हणतात बघू. तोवर फूटेज पुसलं जातं. काय करायचं?

पिवळा_पट्टा
डीव्हीआर भरला की जुनं आपोआप जातं. किती दिवसांत ते डिस्कवर अवलंबून, पण १५ दिवसांच्या पुढचं धरून चालू नका. असा अर्ज त्याच दिवशी द्या:

'प्रति, पोलीस निरीक्षक. दि. ___ रोजी सायं. ___ वाजता ___ येथे झालेल्या अपघाताचे चित्रण ___ या दुकानाच्या कॅमेरा क्र. ___ मध्ये आहे. सदर वेळेच्या आधीचे व नंतरचे १५ मिनिटांचे चित्रण नष्ट होण्यापूर्वी ताब्यात घ्यावे व भारतीय साक्ष अधिनियम कलम ६३ चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे) प्रमाणपत्र सोबत घ्यावे, ही विनंती.'

दोन प्रती. एकीवर आवक नंबर, शिक्का, तारीख. तिसरी प्रत दुकानदाराला द्या आणि त्याचीही सही घ्या. आणि हो, डीव्हीआरचं घड्याळ पुढं-मागं असतं. खरी वेळ आणि स्क्रीनवरची वेळ यातला फरक अर्जातच लिहून टाका.